बाळ काचेतून बाहेर कधी काढायचं? १६०० ग्राम, १८०० ग्राम, की अजून काही?

तुमचा प्रश्न नीट वाचला ताई. थोडक्यात असं की बाळ ३१ आठवड्यांना झालं, जन्माचं वजन १३८० ग्राम, आज २४ वा दिवस, वजन १६४०, आणि राउंडला डॉक्टर म्हणाले उद्यापासून काचेच्या पेटीतून बाहेर काढायची तयारी सुरू करू. सासूबाई म्हणतायत दोन किलो झाल्याशिवाय हलवू देऊ नका, तुमच्या बहिणीच्या बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये १८०० ला काढलं होतं, मग इथे घाई चाललीये का, बेड रिकामा करायचाय का. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, आता नवीन मुलींना शिकवते, तर जरा लांबच लिहिते, कारण हे एका आकड्यात सांगून मोकळं होण्यासारखं प्रकरण नाहीये.

सरळ उत्तर आधी देते. १६४० ला तयारी सुरू करणं ही घाई नाही. तुम्ही लिहिलंय की ऑक्सिजन निघून आठवडा झाला, सलाईन नाही, दूध पूर्ण चालू आहे, अर्धं नळीने अर्धं वाटी-चमच्याने, आणि वजन रोज वाढतंय. असं बाळ असेल तर मी पण डॉक्टरांना हेच म्हटलं असतं की सर चला बघूया. "बघूया" हा शब्द मुद्दाम वापरतेय, कारण पेटीतून काढणं म्हणजे एका दिवशी दार उघडून बाहेर ठेवलं असं नसतं, ते दोनतीन दिवसांचं काम असतं आणि त्यात बाळच सांगतं जमतंय की नाही.

आता थंडीचं गणित समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात खांद्यांच्या मध्ये, मानेपाशी, किडनीच्या आजूबाजूला एक वेगळी तपकिरी चरबी असते, थंडी वाजली की बाळ ती जाळून उष्णता तयार करतं, कारण बाळं आपल्यासारखी कुडकुडत नाहीत. ही चरबी भरायची ती शेवटच्या तीन महिन्यांत, आणि आपलं बाळ तेव्हाच बाहेर आलेलं. वरून कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, आणि हातपाय पोटाशी दुमडून पडायची ताकद नाही त्यामुळे बेडकासारखं पसरून पडतं, म्हणजे उष्णता जायला सगळ्या वाटा मोकळ्या. ओला लंगोट राहिला की गेली, एसीचा झोत अंगावर आला की गेली, वजनकाटा गार असला की गेली, आणि बेड गार खिडकीशेजारी असेल तर हवा उबदार असूनही जाते, हे शेवटचं बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. म्हणून तर पेट्या आल्या. १८८० च्या आसपास पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या डॉक्टरांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र बघितलं आणि तसंच बाळांसाठी बनवून घेतलं. पुढे १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन यांनी दाखवलं की पेटीचं तापमान नुसतं दोनेक डिग्री जास्त ठेवलं तर जगणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढतं. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसती ऊब. त्यामुळे सासूबाईंची भीती अगदीच उगाच आहे असं मी म्हणणार नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत गार पडून गेलेली बाळं असतील.

पण ऊब किती दिवस बाहेरून द्यायची हा खरा प्रश्न. आणि इथे एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात सांगते: थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून बाळाला थंडी वाजत नाहीये असं समजू नका. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, हिशोबाने नवजात बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असायला हवं, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. बाहेर काढलेलं बाळ ३६.६ दाखवत बसू शकतं, सगळे खूष, पण ते ३६.६ टिकवायला ते काय काय जाळतंय ते थर्मामीटर सांगत नाही. पगार बरोबर येतोय पण सगळा घरभाड्यातच जातोय, किराण्याला काही उरत नाही, असं चाललेलं असतं. दूध तेवढंच पितंय, शी-शू व्यवस्थित, तापमान नॉर्मल, आणि वजनकाटा तीन दिवस जागचा हलत नाही. ते बाळ गारठलेलंच असतं, फक्त कागदावर दिसत नाही. त्यामुळे माझ्या लेखी बाहेर काढल्यावरचा खरा निकाल वजनकाटा देतो, तोही पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पहिले एकदोन दिवस वजन थोडं थांबलं तर लगेच घाबरायचं नाही, पण त्यानंतर परत वाढीला लागलं पाहिजे. दर किलोमागे दिवसाला १५ ग्रामच्या आसपास वाढ आपण धरतो, म्हणजे तुमच्या बाळाला रोज साधारण २५ ग्राम. रोज मोजून तेवढंच येईल असं नाही, एखाद्या दिवशी १० येईल एखाद्या दिवशी ४०, तीनचार दिवसांची सरासरी बघायची. आणि वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, दूध पाजायच्या आधी, कपडे काढून, काट्यावर कोमट दुपटं टाकून आणि काटा शून्य करून. सकाळी रिकाम्या पोटी आणि संध्याकाळी दूध पिऊन अशी दोन वजनं घेऊन आई रडत बसलेली मी बघितलीये, त्यात बाळाचं काही चुकलेलं नसतं.

आता तयारी कशी करतात. तुम्ही विचारलंय की "आधीच कपडे का घालतायत, आत तर गरम असतं". तेच तर. पेटी दोन प्रकारे चालते. बाळ लहान असताना पोटावर एक प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवलेला असतो आणि मशीन बाळाचं अंग बघून स्वतःच हवा कमीजास्त गरम करतं, त्याला स्किन मोड म्हणतात. या मोडमध्ये बाळ सहसा गार पडणार नाही, पण त्याला स्वतःला किती जमतंय ते पण कळणार नाही कारण सगळं मशीन भरून काढतंय. म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे एअर मोडवर टाकायचं, म्हणजे हवेचं तापमान आपण ठरवायचं आणि बाळाने त्यात आपलं आपण सांभाळायचं. मग झबलं, टोपडं, मोजे, लंगोट किंवा डायपर, आणि वरून दुपट्यात हातपाय पोटाशी घेऊन गुंडाळायचं. टोपडं फार महत्त्वाचं, कारण या बाळांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उष्णता तिथूनच भरपूर जाते. मग हवा हळूहळू कमी करत जायची. काही ठिकाणी दिवसाला एक-दीड डिग्री उतरवतात, काही ठिकाणी दर पाळीला अर्धा डिग्री, दोन्ही चालतं, घाई नसावी एवढंच. दर फीडच्या आधी काखेतलं तापमान. हवा २८ डिग्रीच्या आसपास आली आणि तिथे आठबारा तास बाळ कपड्यांत ३६.५ च्या वर आरामात राहिलं, तर मग पेटीचं काम संपत आलं, कारण २८ डिग्री ही काही फार मोठी ऊब नाही, उबदार खोली आणि एक जास्तीचं दुपटं एवढाच फरक उरतो. उलट एखादं बाळ १८५० ग्रामचं आहे पण त्याला अजून ३१-३२ डिग्री हवा लागतेय, तर ते वजनाने पास असून तयार नाही. म्हणून मी म्हणते की सिस्टरला वजन विचारण्याआधी हे विचारा, की पेटी सध्या किती डिग्रीवर आहे आणि त्यात बाळाचं स्वतःचं तापमान काय येतंय. या दोन आकड्यांत जेवढं कळतं तेवढं बाकी फाईलमध्ये नाही कळत.

तरी १६०० आणि १८०० हे आकडे आले कुठून तेही सांगते, कारण बहिणीच्या हॉस्पिटलने काही चूक केलेली नाही. पूर्वी बऱ्याच ठिकाणी १८०० नाहीतर दोन किलो असंच धरून चालायचे, त्यामागे खास अभ्यास नव्हता, पद्धत पडलेली होती. नंतर अभ्यास झाले. कॉक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०११ च्या आढाव्यात चार अभ्यासांतली ३३६ बाळं एकत्र बघितली तर बाळ बाकी ठणठणीत असेल तर १६०० ग्रामला बाहेर काढल्याने तापमानाला किंवा वजनवाढीला त्रास होत नाही असं दिसलं. मग २०१९ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, २९ ते ३३ आठवड्यांची ३६६ बाळं, अर्ध्यांना १६०० ला काढायला घेतलं अर्ध्यांना १८०० ला. घरी जायला दोघांनाही जवळपास तेवढेच दिवस लागले, म्हणजे लवकर काढलं म्हणून लवकर सुट्टी असं काही झालं नाही. लवकर काढलेल्यांची वजनवाढ उलट किंचित जास्तच भरली. पण लवकर काढलेल्यांपैकी १३ टक्के बाळांना परत पेटीत ठेवावं लागलं, उशिरा काढलेल्यांत ते साडेपाच टक्के होतं. कुणाला गंभीर इजा झाली नाही दोन्हीकडे. आता यातून तुम्ही काय घ्यायचं? माझं मत असं, की १६०० ला सुरू करणं सुरक्षित आहे, फक्त सातआठ बाळांमागे एखादं परत आत जाणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. आणि हो, बेड रिकामा करायला काढतायत हा संशय, मी सगळ्यांची बाजू घेणार नाही, खाजगीत पेटीचे चार्जेस वेगळे लागतात, त्यामुळे पेटीत जास्त दिवस ठेवल्याची शंका पण लोक घेतात आणि लवकर काढल्याची पण. चार्ट मागा, दाखवतात. न दाखवणारे असतील तर मग शंका घ्या.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. सगळी १६०० ग्रामची बाळं सारखी नसतात. ३५ आठवड्यांचं पण पोटात नीट न वाढलेलं १६०० चं बाळ आणि ३१ आठवड्यांचं वाढून १६०० झालेलं बाळ, दोघांची कातडी वेगळी, चरबी वेगळी, दूध ओढायची ताकद वेगळी. तुमचं बाळ आज ३४ आठवडे आणि तीन दिवसांचं धरायचं, हे वय चांगलं आहे, गिळणं आणि श्वास घेणं याचा मेळ साधारण याच सुमाराला बसायला लागतो.

आता जिथे खरी गंमत होते ते सांगते. एका दिवशी दोन बदल करू नयेत, हा माझा हट्ट आहे आणि यावरून मी ज्युनियर डॉक्टरांशी वाद पण घातलेत. बाळाला श्वास थांबू नये म्हणून कॅफीन चालू असतं ते बहुतेक याच आठवड्यांत बंद करतात. नळी काढून सगळं दूध तोंडाने द्यायला पण याच सुमाराला सुरुवात होते. आणि पेटीतून बाहेर काढणं पण. तिन्ही एकाच दिवशी केलं आणि रात्री बाळाने श्वास थांबवला, किंवा वजन पडलं, तर कशामुळे झालं ते ब्रह्मदेवाला पण कळणार नाही. तोंडाने दूध ओढणं हे या बाळांना भलतं दमवणारं काम आहे, एक फीड अर्ध्या तासाच्या वर चाललं तर जेवढं प्यायलं त्यातलं बरंच तिथेच खर्च झालं. म्हणून बाहेर काढायच्या दिवशी नळी राहू द्या, निम्मं तोंडाने निम्मं नळीने चालू द्या, वजन लागलं की मग नळीकडे बघू. तुमच्या बाळाला दिवसभरात साधारण अडीचशे ते पावणेतीनशे मिली दूध लागतंय, ते पोटात पोचणं महत्त्वाचं, कुठून पोचलं याचा मान नको. तसंच लस, डोळ्यांची तपासणी, रक्त चढवणं असं काही ज्या दिवशी असेल त्या दिवशी पेटीतून काढू नये. आणि काढायचं ते सकाळी, दिवसाच्या पाळीत. रात्री दोन सिस्टर आणि डझनभर बाळं असताना नाही.

बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी काय काय बघायचं, तर पहिलं तापमान अर्ध्या-एक तासात, मग दर फीडला. तुम्ही तिथे असाल तर हाताने बघायला शिका, तळहात नाही, हाताची पालथी बाजू लावायची, आधी पोटाला मग तळपायाला. पोट पण गरम पाय पण गरम, छान. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय, आत्ताच काहीतरी करा. दोन्ही गार, तर लगेच सिस्टरला हाक मारा. हे घरी गेल्यावर पण कामाला येतं, थर्मामीटरची बॅटरी गेली तरी हात कुठे जात नाही. कपाळावर धरायच्या त्या बंदुकीसारख्या थर्मामीटरवर या बाळांच्या बाबतीत मी विसंबत नाही, साधा डिजिटल काखेत धरा, हात अंगाशी दाबून, बीप होईपर्यंत.

समजा तापमान ३६.४ आलं. लगेच पेटीकडे पळायचं नाही. लंगोट ओला आहे का बघा, टोपडं निघालंय का बघा, बेड एसीच्या झोतात आहे का बघा, कोरडं घाला, एक थर वाढवा, आणि सगळ्यात भारी म्हणजे तुमच्या छातीशी घ्या. अर्ध्या-एक तासाने परत बघा. तरीही खालीच, किंवा दिवसात परत परत खाली येतंय, किंवा वजन तीन दिवस अडलंय, तर मग परत पेटीत. आणि ताई यात नापास होणं वगैरे काही नसतं. दोनचार दिवस आत राहून बाळ शंभरेक ग्रामने वाढतं आणि पुढच्या वेळी गुपचूप बाहेर राहतं. घरच्यांचे चेहरे मात्र असे पडतात की जणू काही आजार उलटला. मी तर पेटी लगेच धुवून दुसऱ्या बाळाला देऊ नका म्हणून सांगायचे, एक दिवस तशीच बाजूला राहू द्या, जागा असेल तर.

एकच ठिकाण आहे जिथे मी पण सावध होते. बाळ चार दिवस बाहेर मजेत होतं, वजन वाढत होतं, आणि अचानक आज गार पडतंय, किंवा तापमान वरखाली होतंय, दूध नको म्हणतंय, मलूल दिसतंय, पोट फुगलंय. तेव्हा "खोली गार असेल" म्हणून दुपटं वाढवत बसायचं नाही. एवढ्याशा बाळाला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, बऱ्याचदा ते गारच पडतं. डॉक्टरांना त्याच मिनिटाला कळवायचं. आणि उलट बाजूने, जास्त गुंडाळलेलं बाळ ३७.८ दाखवतं आणि सगळे ताप आला म्हणून घाबरतात, एक थर काढून वीसपंचवीस मिनिटांनी परत बघितलं की उतरलेलं असतं. फार गरम झालेल्या बाळाचा पण श्वास थांबू शकतो, म्हणजे ऊब जास्त झाली तर चालेल असं नाही. नागपूर-अकोल्याकडच्या आयांना हे मी खास सांगते, मे महिन्यात स्वेटर-टोपडं-कुंची-गोधडी असं चढवून आणलेलं बाळ लालबुंद झालेलं असतं आणि आजी म्हणते लहान आहे ना अजून.

आता सासूबाईंचा मुद्दा. काच की पाळणा असे दोनच पर्याय तुम्हाला दिसतायत, पण मधे तिसरी जागा आहे आणि ती सगळ्यात चांगली आहे, ती म्हणजे आईची छाती. कांगारू केअर. कोलंबियात बोगोटाला १९७८ मध्ये पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून सुरू झालं, आणि आता त्याला गरिबांचा उपाय म्हणायची कुणाची हिंमत नाही. २०२१ मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग पण होतं, एक किलो ते १८०० ग्रामच्या आतली तीन हजारांच्या वर बाळं, काहींना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं आणि काहींना आधी वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या उघड्या बेडवर, ठेवून तब्येत स्थिरावल्यावर दिलं. पहिल्या गटात २८ दिवसांच्या आत दगावलेली बाळं १२ टक्के, दुसऱ्या गटात १५.७. पुढच्याच वर्षी डब्ल्यूएचओने सांगितलं की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितकं, असंच ठेवा. तर सासूबाईंना म्हणा की हलवू नका म्हणताय ना, मग तुम्हीच छातीशी घ्या. गंमत नाही करत, आजी, बाबा, मावशी कुणीही घेऊ शकतं, खोकला-सर्दी आणि अंगावर पुरळ नसलं की झालं, स्वच्छ आंघोळ करून, पुढून उघडणारा गाऊन किंवा शर्ट, बाळाला फक्त टोपडं, लंगोट आणि मोजे, मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी छातीला दबलेली नको, वरून दुपटं किंवा ओढणीने बांधून. एकदा आजीच्या अंगावर बाळ दोन तास झोपलं की दोन किलोचा हट्ट आपोआप सुटतो असा माझा अनुभव आहे. आणि पेटीतून काढायच्या त्या दोनतीन दिवसांत तुम्ही जितका वेळ बाळाला असं घ्याल तितकं ते काम सोपं जातं, कारण छातीवर असताना बाळाची ऊब टिकवायला त्याची चरबी खर्च होत नाही, दूध पण तुम्हाला जास्त येतं.

पाळण्यात ठेवताना अजून एक. एनआयसीयूत मॉनिटर लावलेला असतो म्हणून आम्ही बाळांना पालथं पण झोपवतो, आधाराला गोल करून कापडं लावतो. घरी ते करायचं नाही. म्हणून बाहेर आल्यापासून इथेच उताणं, सपाट गादीवर, आजूबाजूला उश्या-खेळणी-सैल पांघरूण काही नको, अशी सवय लावायला सांगा. झोळी सध्या नको, तीत मान पुढे दुमडते आणि श्वासाची वाट दबते, मोठं झाल्यावर घाला की हौसेने. खोली २६ ते २८ डिग्री, पंखा थेट अंगावर नको.

घरी गेल्यावर मालीश-आंघोळीची बाई लगेच बोलावू नका. माझी आजी पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची, त्यात प्रेमच होतं सगळं, पण या बाळांची फुप्फुसं नाजूक असतात, धूर अजिबात नको, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कुणालाच नको. गरम पाण्याची पिशवी बाळाशेजारी ठेवू नका, भाजलेली बाळं बघितलीयेत. रोज आंघोळ नको, कोमट पाण्याने भराभर पुसून घ्या, तेही खोली उबदार करून आणि पुसलं की लगेच छातीशी. वजन दोन-अडीच किलो होऊन वाढीला लागलं की डॉक्टरांना विचारून आंघोळ सुरू करा. पाहुण्यांचं बारसं पण तेव्हाच. गावाकडे जाणार असाल तर आशाताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवा, त्यांच्याकडे वजनकाटा, थर्मामीटर असतो, घरी येऊन बघायचं त्यांना शिकवलेलं आहे. ही घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने उभी केली, आणि ती देशभर गेली, तर तिचा उपयोग करून घ्या.

उद्याच्या राउंडला एवढं विचारा: पेटी आज किती डिग्रीवर आहे, कॅफीन कधी थांबवणार, शेवटचा श्वास थांबल्याची नोंद कधीची, आणि बाहेर काढल्यावर वजन किती दिवस बघून मग सुट्टीचं बोलणार. यांची उत्तरं नीट मिळाली तर होकार द्या. आणि अजून एक, या गडबडीत ते राहून जातं म्हणून लिहितेय: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो, आरओपी नावाचा पडद्याचा आजार आहे का ते बघायला. आज तुमचा २४ वा दिवस आहे. पेटीतून काढायचं दोन दिवस मागेपुढे झालं तर काही बिघडत नाही, ती तपासणी मात्र ३० व्या दिवसाच्या पुढे जाऊ देऊ नका, आधी सुट्टी झाली तर तारीख आणि डॉक्टरचं नाव कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.